तीनचा गजर

“सुटले गं काका,” मी म्हणाले, आणि तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. डोळ्यांत पाणीही नव्हतं. रस्त्यात कुणीतरी आपल्याला भलत्याच नावाने हाक मारावी आणि आपण क्षणभर थबकून बघावं, तसं ते बघणं होतं. मग ती उठली, “थर्मासमध्ये चहा आहे, शेजारच्या काकूंनी ठेवलाय, आणते,” म्हणाली आणि आत गेली. मी सतरंजीवर बसून राहिले. भिंतीलगत जिथे सहा वर्षं काकांची कॉट होती, तिथे फरशीवर चार चाकांचे चार काळपट गोल डाग राहिले होते. कॉट भाड्याची होती, ती सकाळीच दुकानवाला घेऊन गेला होता. आतून कपांचा आवाज येत होता. आपलं काहीतरी चुकलंय एवढं मला कळलं होतं, नेमकं काय ते कळत नव्हतं.

तेव्हापासून तो शब्द माझ्या मागे लागला.

तसं पाहिलं तर मी वेगळं काय बोलले होते? काकांना अर्धांगाचा झटका येऊन सहा वर्षं झाली होती. उजवी बाजू गेलेली, शेवटची दोन वर्षं वाचाही नाही, नाकातल्या नळीतून पातळ खाणं. त्या दुपारी भेटायला आलेला प्रत्येक जण हेच म्हणत होता. “सोनं झालं म्हणायचं.” “देवाने सोडवलं.” एका आत्याबाईंनी तर तिच्या पाठीवरून हात फिरवत “तूही सुटलीस गं पोरी” असं म्हटलं, आणि ते अगदी मायेने म्हटलं. तरुण माणूस गेलं की आपल्याला शब्द सुचत नाहीत, आपण नुसते जवळ बसतो. म्हातारं, आजारी माणूस गेलं की मात्र शब्द तयार असतात. वय झालं होतं, हाल संपले, तुझ्या हातून सेवा घडली. यातलं खोटं काहीच नाही. पण ज्याच्या जाण्याने सगळ्यांनाच हायसं वाटलंय, त्याच्यासाठी हंबरडा कसा फोडायचा? तिने फोडला नाही. वैकुंठात विद्युतदाहिनीचं दार बंद होताना तिने फक्त एकदा हात पुढे केला, पांघरूण नीट करायला करावा तसा, आणि मागे घेतला. ते मी पाहिलं होतं. पाहूनही चार दिवसांनी मी “सुटले” म्हणाले.

आमची मैत्री आठवीपासूनची. ती एकुलती एक. काकू आम्ही कॉलेजात असतानाच गेल्या. मग बापलेकींचं घर झालं. तिने लग्न का केलं नाही हे मी कधी विचारलं नाही आणि तिनेही कधी सांगितलं नाही. नववी-दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायची, घरातच. काका अंथरुणाला खिळल्यावर मधे एक पडदा आला. पडद्याच्या अलीकडे भूमितीची प्रमेयं, पलीकडे एअर बेडच्या पंपाची बारीक घरघर. मुलांनाही त्याची सवय झाली होती. दर तीन तासांनी काकांची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. दिवसा मदतीला बाई होती, रात्री हीच. बारा, तीन आणि सहा असे तीन गजर तिच्या फोनमध्ये लावलेले. या सहा वर्षांत ती एकाही रात्री सलग झोपलेली नाही. एकदा मी म्हटलं, रात्रीचीही बाई ठेव ना. तर म्हणाली, “अगं, ते रात्रीच जागे असतात. दिवसा नुसते पडलेले असतात. रात्री तीनला कूस बदलताना माझा दंड धरतात डाव्या हाताने. तेवढंच बोलणं असतं आमचं.”

काकांचं मूळचं बोलणं मात्र भरपूर होतं, आणि ते हमखास एकाच ठिकाणी जाऊन पोचायचं: पानशेत. 12 जुलै 1961, बुधवार. काका तेव्हा 10 वर्षांचे, नारायण पेठेत नदीपासून चार पावलांवर घर. “धरण फुटलं, पळा” असं ओरडत कुणीतरी बोळातून गेलं आणि त्यांच्या आईने चुलीवरचं भाताचं पातेलं तसंच टाकून, दोन पोरांची मनगटं धरून पर्वतीचा रस्ता धरला. पर्वतीवरून त्यांनी खाली पाहिलं तर ओळखीचं पुणं जागेवर नव्हतं. लकडी पूल पाण्याखाली गेलेला. दोन दिवसांनी परत आले तेव्हा घराच्या जागी चिखल, आणि भिजलेल्या, कुजलेल्या धान्याचा तो वास. तो वास काकांना जन्मभर आठवायचा, पावसाळ्यात डब्यातली डाळ जरा दमट लागली तरी ते अख्खा डबा टाकून द्यायला लावत. मग गोखलेनगर, पूरग्रस्तांसाठी उभ्या केलेल्या पत्र्याच्या त्या अर्धगोल निसेन हटमध्ये संसार. तिथेच पुढे पक्कं घर झालं, तिथेच ही जन्मली. गोष्ट सांगताना काका शेवटी नेहमी एका जागी थांबायचे. धरणाच्या भिंतीला तडा गेल्यावर जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, म्हणून ती भिंत रात्री तग धरून राहिली आणि सकाळी फुटली. “रात्री झोपेत फुटली असती तर आम्ही कुठले राहतो! कुणीतरी रात्रभर जागं होतं, म्हणून मी आहे,” ते म्हणत. आम्ही मुली तेव्हा कंटाळून खिडकीबाहेर बघत असू.

इतकं असून ते पानशेतला कधीही गेले नाहीत. आमची सगळी शाळा सहलीला गेली तेव्हाही तिला पाठवलं नाही. पण पावसाळा लागला की रोज सकाळी पेपरमधला धरणसाठ्याचा चौकोन मोठ्याने वाचायचे. खडकवासला किती, वरसगाव किती, टेमघर किती, आणि सगळ्यात शेवटी, आवाज जरा खाली आणून, पानशेत. 10.65 टीएमसीपैकी किती. भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी आली की सगळं शहर पाणी बघायला जातं. काका त्या दिवशी घराबाहेर पडत नसत.

दहाव्याला आम्ही ओंकारेश्वराजवळ घाटावर गेलो. नदीला पाणी जेमतेम, काठाला प्लास्टिक, पलीकडे गाड्यांची वर्दळ. पिंड मांडले आणि कावळा शिवेना. घाटावर गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे ती वेळ कशी असते. नातेवाईक एकेक करून पुढे होतात, हात जोडून आश्वासनं देतात. “हिला एकटं पडू देणार नाही.” “घराचे कागद सगळे हिच्या नावावर करून देऊ.” समोरच्या फांदीवर दोन कावळे होते, ते तिथेच. मग ती स्वतः पुढे झाली, वाकली आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलली. बराच वेळ बोलली. कावळा आला नाही. पाऊण तासाने गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. “हल्ली कावळेच कमी झालेत हो,” कुणीतरी म्हणालं. ती नदीकडे बघत उभी होती.

पंधराव्या दिवशी शिकवण्या सुरू झाल्या. मी फोन करायचे, ती म्हणायची, “ठीक आहे गं.” एकदा मी म्हटलं, काही लागलं तर सांग. आणि फोन ठेवल्यावर मला माझीच आई गेली तेव्हाचे दिवस आठवले. तेव्हा चाळीस माणसांनी मला “काही लागलं तर सांग” म्हटलं होतं आणि मी त्यातल्या एकालाही काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार? कुणाला फोन करून म्हणायचं की दुपारी चार वाजले की मला घरात बसवत नाही? त्या दिवसांत खालच्या मजल्यावरच्या एक बाई मात्र रोज चारला यायच्या. थंडीचे दिवस होते. पिशवीतून मटार आणायच्या, आमच्याच स्वयंपाकघरात खाली बसून सोलायच्या, आणि सोललेले दाणे परत घरी घेऊन जायच्या. आईबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. मी त्यांच्या शेजारी बसून सोलायचे. शेंगा मोडल्याचा तो कुरकुरीत आवाज आणि बोटांना लागणारा हिरवा ओला वास. मला त्यांचे आभार मानायचे राहिले ते राहिलेच.

माझ्या मैत्रिणीसाठी मला मटार सोलणं कसं जमावं, याचा मी जानेवारीभर विचार केला. आणि मग तंबूत रात्र काढण्याची कल्पना आली. का आली, ते आज नीट सांगता येत नाही. कॉलेजात आम्ही दोघी राजगडावर पद्मावतीच्या देवळात राहिलो होतो, सतरा-अठरा जणी ओळीने झोपलेल्या, आणि ही पहाटेपर्यंत बाहेर कट्ट्यावर बसून होती, आकाश बघत. परत येताना म्हणाली होती, “मला दर वर्षी एक रात्र अशी पाहिजे.” त्यानंतर तिला अशी रात्र मिळालेली मला तरी ठाऊक नव्हती. फोनवर विचारायचा धीर होईना. मेसेज लिहिला, पुसला. पुन्हा लिहिला. माझ्या सासूबाई म्हणाल्या, “वर्ष तरी होऊ दे गं. लोक काय म्हणतील, बाप जाऊन तीन महिने नाही झाले आणि निघाली फिरायला.” त्यांना वाईट म्हणायचं नाही, त्यांच्या काळजीलाही कारण होतं, बोलणारे बोलतातच. मला वेगळीच शंका छळत होती. तिचं ते निर्विकार “ठीक आहे गं” मला सहन होत नव्हतं, म्हणून तर मी हे करत नव्हते? तिचं दुःख जरा उघड्यावर यावं, मग मला ते पुसता यावं, असं काही? शेवटी एके दिवशी तिच्या घरी गेले, शिकवणी संपेपर्यंत थांबले आणि एका दमात बोलून टाकलं. पवनेला जाऊ, धरणाकाठी तंबू असतात, एक रात्र, मधल्या वारी म्हणजे गर्दी नसेल, तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस.

ती फळा पुसत होती. पुसून झालं, डस्टर झटकला. “पवना नको,” म्हणाली. “पानशेतला जाऊ.”

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी निघालो. सिंहगड रोडची गर्दी, मग खडकवासल्याची चौपाटी. तिथे कणसं भाजत होते, थांबायचं का विचारलं तर नको म्हणाली. डोणजे, खानापूर मागे पडलं आणि रस्ता वळणावळणांचा झाला, उजवीकडे पाणी दिसायचं, झाडाआड जायचं, पुन्हा दिसायचं. ती खिडकीला टेकून गप्प. पानशेतला दोन धरणांच्या भिंती जवळ जवळ दिसतात. तिने विचारलं, “यातलं कुठलं?” मी दाखवलं. “एवढंसं?” ती म्हणाली. भिंत लहान नाही. पण ती ज्या भिंतीची गोष्ट लहानपणापासून ऐकत आली होती, ती आभाळाएवढी असणार.

तंबूवाल्या दादांनी फोनवर विचारलंच होतं, “ताई, सोबत जेन्ट्स कोण आहे?” कोणी नाही, आम्ही दोघीच, म्हटल्यावर जरा थांबून म्हणाले होते, “मग तुमचा तंबू घराजवळ लावतो. माझी आई पण तिथंच ओट्यावर झोपती.” त्यांनी तसंच केलं होतं. पाण्यापासून पन्नास पावलांवर एकच तंबू, मागे त्यांचं घर, ओट्यावर नऊवारीतल्या आजी. संध्याकाळी पाण्यावरून वारा आला तो थेट हाडांत शिरणारा. आजींनी चुलीवरचं पिठलं आणि तांदळाची भाकरी दिली, वर मिरचीचा ठेचा. पिठल्याचा पहिला घास घेताना ती क्षणभर थांबली. मलाही आठवलं. वैकुंठातून परत आल्यावर शेजारणींनी आणलेलं तेही पिठलंच होतं. मग तिने खाल्लं, दोन भाकऱ्या खाल्ल्या, आणि आजी नको नको म्हणत असताना ताटं घेऊन पाण्यावर गेली. राखेने घासली, विसळली. मी बॅटरी धरून उभी होते. “बाबांच्या घरातली सगळी भांडी या पाण्याने नेली,” ती म्हणाली. “आजी मरेपर्यंत एका तांब्याच्या घंगाळाचं नाव काढायची.” ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला आणि सोडून दिलं. “कसलाच वास नाही गं.”

शेकोटीजवळ बसलो. मृग डोक्यावर आलेला, अवसेच्या आसपासचे दिवस, त्यामुळे चांदणं असं की बघून जीव दडपावा. बोलणं तुटक तुटक, शाळेतल्या बाईंबद्दल, माझ्या मुलाच्या परीक्षेबद्दल. काकांचा विषय नाही. मी काढणार नव्हते, शपथ घातली होती स्वतःला. बाराला तिच्या खिशात फोन वाजला. तिने न बघताच हात घालून बंद केला आणि निखाऱ्यांवर एक काटकी टाकली. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

पण मग मला झोप लागेना. तंबूच्या कापडावर दव जमलेलं, हात लागला की थंड ओल. पाण्याच्या बाजूला टिटवी मधूनच ओरडत होती. शेजारी तिचा श्वास ऐकून कळत होतं की तीही जागी आहे. आम्ही दोघी एकाच गोष्टीची वाट बघत पडलो होतो.

तीनला गजर झाला. तिने बंद केला, उठून बसली, आणि अंधारात तिचे हात पुढे आले. सहा वर्षांची सवय, एक हात खांद्याखाली घालायला, एक कमरेखाली. समोर नुसतं तंबूचं कापड. ती तशीच थांबली. मग चेन उघडून बाहेर गेली. मी शाल घेऊन मागे गेले. सप्तर्षी उत्तरेला पार वर चढले होते. ती विझलेल्या शेकोटीजवळच्या दगडावर बसली होती.

“मला त्या रात्री ऐकू आला नाही,” ती म्हणाली.

मी गप्प.

“दिवाळीची मुलं येत होती दिवसभर, फराळ घेऊन. दमले होते. बाराला उठले, कूस बदलली, त्यांनी दंड धरला. तीनचा वाजला असणार, वाजतोच. मला ऐकूच आला नाही. सहाला उठले तर...” ती थांबली. “डॉक्टर म्हणाले, पहाटे कधीतरी. मी विचारलं नाही, नेमकं किती वाजता. सहा वर्षांत एकदा चुकला माझा गजर. एकदाच.” पाण्याकडे बघत होती. “दहाव्याला मी तेच सांगत होते त्यांना. म्हटलं, बाबा, ऐकू आला नाही हो. कावळा आला नाही. आणि तुम्ही सगळे म्हणत होतात, सुटले, सुटले. त्यांनी हात पुढे केला असेल गं, दंड धरायला. नेहमीच्या वेळेला.”

मग ती रडली. तीन महिने ज्याची मी वाट बघत होते तेच, आणि आता ते समोर आल्यावर मला वाटलं, का आणलं मी हिला इथे. तोंडाशी किती वाक्यं आली. तुझी काही चूक नाही. ते झोपेतच गेले असतील. तुझ्या जागी कुणीही. सगळी खरीच असतील, पण “सुटले” तरी कुठे खोटं होतं? मी तिच्या अंगावर शाल टाकली आणि तिचा दंड धरला. तोच धरायचा असं काही ठरवलं नव्हतं, अंधारात हाताला दंडच लागला. ती एकदम स्तब्ध झाली. मग माझ्या हातावर तिने तिचा हात ठेवला आणि खूप वेळ तसाच ठेवला. ओट्यावर आजी खोकल्या, कूस बदलल्याचा आवाज आला, पुन्हा शांत.

किती वेळ गेला कोण जाणे. गारठ्याने पायांची बोटं बधिर झाली होती.

“तू झोप,” मी म्हणाले. “मी जागी आहे.”

“सहाचा वाजेल.”

“फोन माझ्याकडे दे. मी बघते.”

तिने माझ्याकडे पाहिलं, चेहरा दिसत नव्हता, पण बघत होती एवढं कळत होतं. मग खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला आणि तंबूत गेली. मी चेन ओढून घेतली आणि दाराशीच बसले, फोन मुठीत धरून. सुरुवातीला ती हालत होती, चटईचा आवाज यायचा. मग तोही थांबला. समोर धरणाचं पाणी काळं, एक रेष हलत नव्हती. मला काकांचे ते जवान आठवले, पोत्यांवर पोती रचणारे, आणि त्या रात्री गाढ झोपलेला नारायण पेठेतला तो 10 वर्षांचा मुलगा. हळूहळू पलीकडच्या डोंगराची कड दिसायला लागली. पाण्यावर धुकं उठलं. एक होडी कुठूनशी निघाली, वल्ह्याचा आवाज आधी आला आणि ती नंतर दिसली. कोंबडा आरवला. सहाला फोन मुठीत थरथरला तो मी पहिल्या ठोक्यालाच दाबला. आत तिने झोपेत कूस बदलली.

आजी चूल पेटवून चहा घेऊन आल्या, पितळीत दोन कप. तंबूकडे बघून हळूच म्हणाल्या, “दुसऱ्या ताई?”

“झोपल्यात.”

“झोपू द्या,” आजी म्हणाल्या, आणि एक कप माझ्यापुढे ठेवून दुसरा परत घेऊन गेल्या.